दसऱ्याचं धुणं

इथं नदी होती, असं मी नातीला सांगत होते आणि ती माझ्याकडं अशी बघत होती, की आजी खोटं बोलतेय. तिचं काही चुकलं नाही. समोर नुसते खड्डे होते. काहींत हिरवं पाणी साचलेलं, काही कोरडे, काठाला वेड्या बाभळी आणि त्यांच्यामधून गेलेल्या मोठ्या चाकांच्या वाटा. पाच वर्षांच्या लेकराला खड्डा दाखवून कुणी ही नदी म्हणालं, तर त्यानं काय करावं?

घट बसायला दोन दिवस होते. माझी लेक आशू, तिची मुलगी ओवी आणि मी जालन्याहून निघून शहागडला उतरलो, तिथून रिक्षानं गावात आलो. आमच्याकडचे घट आता धाकट्या दिराच्या घरी बसतात. आदल्या आठवड्यात आशूच्या मोबाईलवर कुणीतरी एक चित्र पाठवलं होतं. निळी नदी, ओळीनं धुणाऱ्या बायका, वाळत घातलेल्या रंगीत गोधड्या आणि खाली लिहिलेलं, ‘गेले ते सुंदर दिवस’. आशू म्हणाली, "आई, ओवीला तू धुवायचीस ती जागा दाखवू." म्हणून आलो. आणि तो काठ बघितल्यापासून माझ्या डोक्यात जी तिडीक गेली, ती अजून उतरलेली नाही. गेले म्हणे! दिवस काय आपल्या पायानं गेले? ते नेले. ट्रॉल्या भरभरून नेले, दिवसाढवळ्या, आमच्या डोळ्यांदेखत.

गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. भादवा सरत आला, पाऊस ओसरला, की घराघरातल्या बायका दसरा काढायच्या. म्हणजे घट बसायच्या आत घरातलं चिंधूक अन् चिंधूक धुवून काढायचं. चार महिने वाकळांत, म्हणजे गोधड्यांत, काय काय मुरलेलं असायचं. लेकरांचं मूत, चुलीचा धूर, गळक्या पत्र्याचं पाणी, आजारपणातला घाम. भल्या सकाळी बैलगाडीत वाकळांचा ढीग, त्यावर सोड्याचा डबा, मोठं पातेलं, भाकरीचं गाठोडं आणि सगळ्यात वर माझी दोन लेकरं. आशू थोरली. दादू धाकटा, तेव्हा अंगावर पिणारा. गाडी उताराला लागली की आशू ओरडायची, "गंगा आली, गंगा आली!" जशी काही गंगाच आमच्याकडं चालत यायची.

काठावर तीन दगड मांडून पातेल्यात सोड्याचं पाणी उकळायचं. त्याचा वास नाकात चढायचा, डोळे चुरचुरायचे. वाकळ भिजली की दोघींनाही उचलत नसे. एकीनं एक टोक धरायचं, दुसरीनं दुसरं, आणि पीळ घालत एकमेकींकडं यायचं. पाण्याची धार पायावर पडायची. भांडणं झालेल्या जावासुद्धा त्या दिवशी अशा जवळ यायच्या. तहान लागली तर नदीचं पाणी प्यायचं नाही. लेकरांनाच सांगायचं, पाणी काढा. ती वाळू उकरायला बसायची. वीतभर खाली ओल लागायची, मग गढूळ पाणी, ते ओंजळीनं उपसून टाकलं की खालून काचेसारखं पाणी वर यायचं. तेवढं गार आणि गोड पाणी मी पुन्हा कुठं प्याले नाही. दुपारपर्यंत सगळं वाळवंट वाकळांनी भरून जायचं. लुगड्याची, धोतराची, लेकरांच्या झबल्यांची ठिगळं उन्हात वर तोंड करून पडलेली. भादव्याचं ऊन असं की उलटी करेपर्यंत एक बाजू वाळलेली असायची. कडक, ऊनऊन वाकळेवर दादू आपोआप झोपायचा आणि त्याच्या गालावर टाक्यांची नक्षी उमटायची.

एक गोष्ट सांगायला हवी. नदीत एक काळा खडक होता. त्याच्या वरच्या अंगाला आम्ही धुवायचो आणि खालच्या अंगाला बौद्धवाड्यातल्या बायका. पाणी आमच्याकडून त्यांच्याकडं जायचं, आमच्या वाकळांचा मळ घेऊन. यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. आज त्याचाही राग येतो.

धुणं झालं की सण एकामागून एक यायचे. शेतातली काळी माती आणून घट बसायचे, मातीत गहू-ज्वारी पेरायची. आशू रोज सकाळी तोंड न धुता आधी घटापुढं जाऊन बसायची, कोंब किती आले बघायला. हात लावायचा नाही म्हटलं, की फुंकर घालायची. दसऱ्याला ते पिवळे कोंब तिच्या वेणीत खोवायचे. मग कापूस. घरात कापूस आला की लेकरांना दुसरं काही नको. ती ढिगावरून उड्या मारायची, अंग खाजवत हसायची. त्याच ढिगात मी कच्ची सीताफळं खुपसून ठेवायचे. कोणतं कुठं ठेवलं ते मी विसरायचे. दादूला मात्र वासावरून सापडायचं. दिवाळीपर्यंत घरभर कापसाचा, सीताफळांचा आणि नुकत्याच सारवलेल्या जमिनीचा वास.

मग वाळूचे ट्रॅक्टर आले.

पहिला ट्रॅक्टर माझ्या चुलत दिराचा, आबाभाऊजींचा होता. तेव्हा त्याचं कुणाला काही वाटलं नाही, उलट कौतुकच. लेकरं ट्रॉलीत बसून काठापर्यंत चक्कर मारायची. माझं घर तेव्हा पत्र्याचं होतं, पावसाळ्यात लेकरांच्या अंथरुणात पाणी यायचं. पक्कं घर पाहिजे म्हणून मीच यांच्या मागं लागले होते. वाळू घरचीच, म्हणून आबाभाऊजींनी दारात आणून टाकली. मी त्यांना चहा केला. लेकरं त्या ढिगात पाय खुपसून खोपे करायची. आमचा स्लॅब टाकला त्या दिवशी मी पुरणपोळ्या केल्या होत्या.

आशू सात वर्षांची झाली ते वर्ष. आम्ही नेहमीसारख्या धुवायला गेलो. नदी वरून होती तशीच दिसत होती. आशूच्या हातात मी दादूचं दुपटं दिलं होतं. ती तिची दरवर्षीची कामगिरी. दुपटं तिच्या हातून निसटलं, खडकाच्या अंगाला वाहत गेलं आणि ती त्याच्यामागं गेली. तिथं घोट्याएवढं पाणी असायचं. मागच्या वर्षी ती तिथंच बसून शंख गोळा करत होती. ती दोन पावलं गेली आणि दिसेनाशी झाली. ओरडली नाही, पाणीसुद्धा उडालं नाही. मी वाकळ आपटत होते. मान वर केली तर दुपटं पाण्यावर होतं आणि माझी पोर नव्हती.

मला पोहता येत नाही. मी ओरडत होते की नुसतीच उभी होते, ते मला आजही सांगता येणार नाही. खालच्या अंगाच्या मैनाबाईला पाण्यात लाल रिबीन दिसली. ती नेसत्या लुगड्यानिशी छातीएवढ्या पाण्यात शिरली, पाय ठरेना तेव्हा एका हातानं खडक धरला आणि दुसऱ्या हातानं आशूची वेणी. वेणीला धरून तिनं माझी पोर ओढून काढली. काठावर पालथी घातली, पाठीत थापट्या मारल्या. आशूच्या तोंडातून पाणी आलं, वाळू आली, मग रडणं आलं. तिचं रडणं ऐकल्यावर मैनाबाईनं तिच्या पाठीत आणखी एक धपाटा घातला. "मेली व्हतीस ना बाई!" म्हणाली आणि स्वतःच मटकन खाली बसून रडायला लागली.

पाण्याखाली पुरुषभर खोल खड्डा होता. ट्रॅक्टरनं केलेला. हे सगळ्यांना दिसलं, आणि घरी पोचेपर्यंत सगळे ते विसरले.

"तुझं ध्यान कुठं व्हतं?" हे पहिल्यांदा आमच्या यांनी विचारलं. मग माझ्या सासूबाईंनी, ज्यांना मी आत्याबाई म्हणायचे. मग चुलत सासऱ्यांनी, शेजारणीनं, दळण घेऊन आलेल्या बाईनंसुद्धा. "एवढीशी पोर सांभाळता येईना?" नदीच्या पोटात खड्डा कुणी केला, हे एकानंही विचारलं नाही. आबाभाऊजी भेटायला आले, आशूच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला आणि मला म्हणाले, "वहिनी, लेकराकडं जरा लक्ष देत जा." मी डोक्यावर पदर घेऊन गप्प उभी राहिले. त्या गप्प राहण्याची मला अजून शरम वाटते.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी गंगेची ओटी भरली. खण, नारळ, हळदीकुंकू. गंगामाईनं लेकरू परत दिलं म्हणून. मी म्हणाले, "आत्याबाई, मैनाबाईला घरी बोलवू. जेवायला न्हाई तर चहाला तरी."

त्या म्हणाल्या, "तिला लुगडं पाठवून देऊ कुणाच्या हातानं. घरात घट बसायचेत."

ज्या पाण्यानं लेकरू गिळलं त्याची ओटी, आणि जिनं ओढून काढलं तिला उंबरा बंद. लुगडं दुसऱ्याच्या हातानं गेलं, मी जाऊ दिलं.

त्या वर्षी घटाचे कोंब कसे आले, मला आठवत नाही. आठवते ती दिवाळीची पहिली आंघोळ. उजाडायच्या आत उठवून मी आशूला तेल लावलं, उटणं लावलं. न्हाणीत पणती होती. तांब्या उचलला आणि तिनं किंकाळी फोडली. दगडावर उभी राहीना. एक पाय पुढं करायची, अंगठ्यानं चाचपायची आणि मागं घ्यायची.

"आई, खाली फरशी हाये का?"

"हाये की गं राणी. ही बघ."

"बराबर बघितलंस का?"

मी नेसत्या साडीनिशी न्हाणीत शिरले, त्या दगडावर आधी मी उभी राहिले आणि तिला माझ्या पावलांवर उभं केलं. दोघींच्या अंगावर एकदम पाणी घेतलं. ती माझी कंबर घट्ट धरून थरथरत होती. बाहेर पोरं फटाके वाजवत होती, आत्याबाई म्हणत होत्या, जल्दी करा. साबणाच्या फेसात मी दात आवळून उभी होते. सात वर्षांच्या पोरीचा जमिनीवरचा भरवसा गेला होता, आणि ज्यांनी घालवला त्यांच्या दारी दिवाळीचा आकाशकंदील माझ्या घराएवढा होता.

मैनाबाईकडं जायला मला एक वर्ष लागलं. पुढच्या भादव्यात, धुण्याच्या चार दिवस आधी, दादूला हाताशी धरून मी बौद्धवाड्यात गेले. मातीच्या भिंती, वर पत्रा, समोर शेणानं सारवलेलं अंगण. ती शेंगा फोडत होती.

"काय काम काढलं, बाई?"

"चहा प्यायला आले."

तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. "घरी कळलं तं?"

"कळू द्या."

तिनं बिनदुधाचा, गुळाचा चहा केला. मी पीत होते आणि ती सांगत होती. खालच्या अंगाला दोन ठिकाणी खड्डे पडले होते, तिची शेळी गेली होती एकात. सांगायला गेली तर हाकलून दिलं. मी म्हणाले, "आपण बायकांनी वाट अडवून बसावं."

"बाईच्या अंगावर घालतीन ते गाडी," मैनाबाई म्हणाली. "पण धुतल्या वाकळंवर न्हाई घालायचे. त्यात त्यांच्या मायची बी असंल ना एखांदी."

धुण्याच्या दिवशी आम्ही वाकळा धुतल्या, पिळल्या आणि वाळवंटात न टाकता उताराच्या वाटेवर टाकल्या. आधी माझी. तिला लागून मैनाबाईची. मग एक एक करत वरच्या अंगाच्या सहा जणी आल्या, खालच्या तर सगळ्याच. काठापासून बाभळीपर्यंत वाट झाकून गेली. लाल, निळी, फाटकी, ठिगळांची. आम्ही बाजूला सावलीत बसलो. लेकरांना भाकरी दिली. आशू माझ्या मांडीवर होती.

पहिला ट्रॅक्टर आला आणि थांबला. ड्रायव्हर गावातलाच होता. "मावशी, वाकळा उचला ना. खेप खोळंबून राह्यली."

मैनाबाई म्हणाली, "वाळू दे की बाबा. तुला वाळूच पाहिजे ना? मंग वाळू दे."

बायका हसल्या. तोही हसला, उतरून बाभळीखाली बसला. मागं दुसरा येऊन थांबला, तिसरा थांबला. मग मोटारसायकलवरून आबाभाऊजी आले. ते हसले नाहीत. थेट माझ्यापुढं उभे राहिले.

"वहिनी, घरच्या बाईनं ह्ये शोभत न्हाई."

"भाऊजी, माझी पोर ज्या खड्ड्यात गेली तो तुमचा व्हता." दिराशी नजर वर करून बोलायची ती माझी पहिलीच वेळ.

ते म्हणाले, "असं का? मंग तुमच्या डोक्यावरच्या स्लॅबात कोणाची वाळू हाये, ते बी सांगा की ह्यांना."

खरं होतं ते. माझी लेकरं कोरडी झोपत होती ती याच नदीच्या पोटाखाली. बायका माझ्याकडं बघत होत्या. आणि मैनाबाई उठली, लुगड्याची वाळू झटकली.

"माझं घर मातीचं हाये, भाऊ," ती म्हणाली. "मला सांग काय सांगायचं ते."

आबाभाऊजींनी मोटारसायकल वळवली. ट्रॅक्टर मागं मागं घेत उतारावरून परत गेले. ऊन कलेपर्यंत आम्ही तिथं बसून राहिलो. वाकळा कधीच वाळल्या होत्या, तरी कुणी उचलत नव्हतं.

जिंकलो, असं मी घरी परतताना समजत होते. घरी आत्याबाईंनी माझ्या हातातून वाळलेल्या वाकळा घेतल्या आणि अंगणात टाकून हापशाच्या पाण्यानं पुन्हा भिजवल्या. मैनाबाईच्या वाकळेला लागून होत्या म्हणून. आमचे हे दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. आणि दसऱ्यानंतर चार दिवसांनी ट्रॅक्टर दुसऱ्या बाजूनं, वरच्या मळ्यातून नदीत उतरले. तिथं वाट नव्हती, त्यांनी केली. मागाहून जेसीबी आलं, हायवा डंपर आले. दोन-तीन वर्षांत वाळवंट गेलं, काळा खडक फोडून नेला, आणि धुण्याला कुणी जाईना. ज्याला त्याला आपल्या दारात धुवायची सोय करावी लागली. आम्ही लेकरांच्या शाळेसाठी जालन्याला आलो.

परवा नदी बघून आम्ही दिराच्या घरी परतलो. संध्याकाळी जाऊबाई घटासाठी माती चाळत होत्या, ओवी त्यांच्यापाशी बसली होती. जाऊबाई तिला गोष्ट सांगत होत्या. "तुझी आई ना, एवढीशी असताना गंगेत बुडाली व्हती. गंगामाईनं वरच्या वर झेललं बघ तिला. म्हणून आपण घटाला गंगेचं पाणी ठेवतो."

देवळाच्या नव्या सभामंडपावर आबाभाऊजींच्या नावाची पाटी बघून आल्यापासून मी आधीच धुमसत होते. ते ऐकलं आणि माझा तोल गेला.

"गंगामाईनं न्हाई!" मी ओरडलेच. "मैनाबाईनं. वेणीला धरून ओढलं तिनं. गंगामाईनं काय झेललं? तिला पोखरून ठेवलं व्हतं, तिच्या हातात काय राह्यलं व्हतं?"

दीर मोबाईलमध्ये बघायला लागले. आशू माझ्याकडं बघत होती. तिला त्या दिवसातलं काही आठवत नाही. ती मला एवढंच सांगते, की अजूनही पाण्यात पाय टाकण्याआधी तिच्या पोटात खड्डा पडतो. तिलाही घरात गंगामाईचीच गोष्ट ऐकवली गेली होती, आणि मी ती खोडून काढली नव्हती. जालन्यात आल्यावर शाळा, शिकवण्या, यांचं आजारपण, या सगळ्यात मी एकदाही ते नाव तिच्यासमोर घेतलं नव्हतं.

"मैनाबाई कोण?" ओवीनं विचारलं.

मी चपला घातल्या. "चल," म्हणाले. आशूही निघाली.

मैनाबाई अंगणात बाजेवर बसली होती. घर आता विटांचं आहे, पोरानं बांधलंय. डोळ्यांत मोतीबिंदूनं निळसर झाक आलेली, हात वाळक्या शेंगेसारखे. मी नाव सांगितलं. तिनं चेहरा वर केला, मग हात लांब करून ओवीला जवळ ओढलं, तिचे केस चाचपले, दोन वेण्या हातात धरून बघितल्या.

"हीच का ती? पाण्यातली?"

ओवी घाबरून आईकडं बघायला लागली. आशू पुढं झाली, बाजेपाशी खाली बसली. "मी ती, मावशी. ही माझी लेक."

मैनाबाईनं आशूच्या तोंडावरून हात फिरवला, खांदे दाबून बघितले, दंड दाबून बघितले, जणू बाजारात काही पारखत होती. मग बोळक्या तोंडानं हसली.

"लई भरलीस गं. आता न्हाई निघायचीस माझ्यानं."

आशू हसता हसता रडायला लागली. मीही. मैनाबाई मात्र आता हसत नव्हती. आवाज होता त्या दिशेला, माझ्याकडं तिनं मान वळवली.

"जित्ती हाये का मेली, मला काय ठावं?" ती म्हणाली. "इतके वरीस काहून न्हाई आणली हिला?"